नॅनच्या बेटावरचा म्हातारा

ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला, आमच्या घराला लागून विटांचं एक बसकं घर आहे. तिथे राहणाऱ्या बाईंना आम्ही सगळे नॅन म्हणतो. तिची नातवंडं म्हणायची म्हणून माझी लेक म्हणायला लागली आणि लेकीचं ऐकून मी आणि नवरा. पहिली काही वर्षं मी मनातल्या मनात तिला अहोजाहो करायचे. पुढे ती आजीच झाली, आणि आजीला कोण अहोजाहो करतं?

नॅन पंच्याऐंशीची आहे. ती मूळची स्कॉटलंडच्या पश्चिमेला, समुद्रात पार आत असलेल्या एका चिमुकल्या बेटावरची. बारा वर्षांची असताना तिचं कुटुंब बेट सोडून मुख्य भूमीवर गेलं. बाविसाव्या वर्षी लग्न झालं, नवऱ्याला इथून जवळच्या पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यात काम मिळालं आणि दोघं बोटीत बसून इकडे आली. त्यानंतर बेटावर परत जाणं काही झालं नाही. आधी मुलं लहान, मग नवऱ्याचं आजारपण, आणि आता डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. डोळ्यांचंही अवघड झालंय. मधोमध धूसर दिसतं, कडेकडेचं तेवढं कळतं.

त्या बेटाचं एक बातमीपत्र दर महिन्याला तिच्या ईमेलवर येतं. ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. मी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. शिफ्ट नसेल त्या रविवारी दुपारी चर्चहून आले की नॅनकडे जाते. ती ओटची बिस्किटं काढते आणि मी वाचते. बोट वाऱ्यामुळे किती वेळा रद्द झाली, कुणाच्या मेंढीला तिळी झाली, शाळेच्या छपराची गळती थांबली का. खरं सांगते, वसईत आमच्या आळीत काय चाललंय ते मला माहीत नसतं, पण त्या बेटावर दुकानाचा फ्रीज बिघडला तर मला काळजी वाटते.

बातमीपत्राच्या शेवटच्या पानावर दर वेळी एक यादी असायची: पाहुण्यांनी बेटावर काय पाहावं. पांढऱ्या वाळूचा किनारा, दीपस्तंभ, शेतात एकटाच उभा असलेला हजारो वर्षांपूर्वीचा दगड, पफिन पक्ष्यांचा कडा, सील ऊन खात पडतात ती खाडी, पडकं चॅपल, आणि जुन्या शाळेच्या एका खोलीतलं संग्रहालय. ही यादी ऐकली की नॅनचं डोकं फिरायचं.

"वाळू पहिल्या नंबरवर? वाळू बघायला कोण जातं गं? आणि म्हातारा कुठेय? म्हातारा अजून घातलाच नाही यांनी!"

म्हातारा म्हणजे माणूस नव्हे. बेटाच्या पश्चिम टोकाला, तिच्या घरामागच्या कुरणात जमिनीला एक भोक होतं. खाली समुद्राची गुहा. लाट आत घुसली की भोकातून आधी धाप लागल्यासारखा आवाज यायचा, मग खोकल्याची उबळ, आणि मग पाण्याचा फवारा. पोरं त्याला म्हातारा म्हणायची. आमच्याकडे कायमा नावाच्या गावाला असंच एक मोठं ब्लोहोल आहे, दुनिया ते बघायला येते. आम्ही नॅनला घेऊन गेलो होतो एकदा. ती पाच मिनिटं कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "हे नुसतं थुंकतं. आमचा बोलायचा."

तिच्या सांगण्यावरून मी बेटावर दोनदा ईमेल केली होती. संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंचं फार सौजन्याचं उत्तर आलं. त्या लग्न होऊन तीस वर्षांपूर्वी बेटावर आल्या होत्या. पश्चिमेकडची वस्ती त्याआधीच उठली होती, तिकडे आता फक्त मेंढ्या चरतात, आणि असं भोक कुणाच्याच ऐकिवात नाही. नॅनच्या मुलालाही वाटायचं की आईने दोन-तीन आठवणींची सरमिसळ केली असावी. कायमाला बघितलेलं तिकडे नेऊन चिकटवलं असावं. खोटं कशाला बोलू, मलाही तसं वाटायला लागलं होतं.

आणि मग माझ्या लेकीला युनिव्हर्सिटीतून एका सेमिस्टरसाठी स्कॉटलंडला, ग्लासगोला जायची संधी मिळाली!

निघायच्या आदल्या दिवशी ती नॅनचा निरोप घ्यायला गेली आणि नाचतच परत आली. "ममा, आय ॲम गोइंग टू द आयलंड. आय प्रॉमिस्ड हर."

"अगं पण अभ्यास? आणि एकटीने इतक्या लांब?"

"नो वरीज ममा. इट्स जस्ट ट्रेन, बस, फेरी, अनदर फेरी."

जून उजाडला. तिकडे उन्हाळा, आमच्याकडे थंडी. तेव्हा माझी आई वसईहून सहा महिन्यांसाठी आलेली होती. नॅनचं आणि तिचं भलतंच जमलं होतं. आईचं इंग्रजी जेमतेम, नॅनचे उच्चार मला कळायला दोन वर्षं लागलेली, पण दोघी कुंपणाशी उभ्या राहून अर्धा-अर्धा तास बोलायच्या. काय बोलता विचारलं तर आई म्हणायची, "गुडघ्यांचं."

ठरलं असं: लेक शुक्रवारी बेटावर पोचणार आणि शनिवारी सकाळी तिथून व्हिडिओ कॉल करणार. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आमचे संध्याकाळचे सहा. नवऱ्याने माझा फोन टीव्हीला जोडून दिला, कुठलं बटण चुकूनही दाबायचं नाही ते तीनदा सांगितलं आणि शिफ्टला गेला. नॅन साडेपाचलाच हजर! केस सेट केलेले, मोत्यांची माळ, चर्चला जायचा निळा कोट. मी तिला टीव्हीच्या अगदी जवळ, जरा तिरपं बसवलं, म्हणजे डोळ्याच्या कडेने थोडं दिसेल. शेजारी आई. तिने हीटर पायाशी ओढला होता आणि हातात जपमाळ होती.

"जपमाळ कशाला, आई?"

"पोर समुद्राकाठी जाणारेय ना. असू दे."

सहाला पाच कमी असताना फोन वाजला आणि टीव्हीभर माझ्या लेकीचं नाक दिसलं. मग तिने फोन लांब धरला आणि आम्ही तिघी एकदमच ओरडलो. मागे हिरवंगार कुरण, त्यापलीकडे समुद्र, आणि तो असा निळा की आमचा समुद्र फिका पडावा. वारा एवढा की तिचं बोलणं अर्धंच ऐकू येत होतं.

तिच्याबरोबर संग्रहालयाच्या बाई होत्या. साठीच्या, ठेंगण्या, गालांवर लाली. बोट आली की दोर पकडायचं काम त्यांचं, पोस्टही त्याच बघतात आणि पाहुण्यांना व्हॅनमधून फिरवतातही त्याच. त्यांनी स्क्रीनमध्ये डोकावून नॅनला गेलिकमध्ये, बेटाच्या जुन्या भाषेत, काहीतरी म्हटलं. नॅन ताठ बसली. तिने उत्तर दिलं. त्या पुन्हा बोलल्या. नॅन इतक्या भराभर बोलायला लागली की मी बघतच राहिले. पंधरा वर्षांच्या शेजारात मी ही भाषा तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. ऐकवणार कुणाला?

मग सुरू झालं आमचं बेटदर्शन. पफिनचा कडा आधी, कारण तो वाटेवर होता. शेकडो पक्षी! काळा कोट, पांढरं पोट, आणि चोचीला रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखे पट्टे. एक तर चोचीत चांदीसारखे पाच-सहा मासे आडवे धरून लेकीच्या बुटाजवळून तुरुतुरु गेला.

"बोंबील धरलेत बघ मेल्याने!" आई खुर्चीतून उठलीच.

दीपस्तंभ झाला. उभा दगड झाला. त्याला पाठ लावून उभं राहिलं की वर्षभर पाठ दुखत नाही, असं नॅनने सांगितलं आणि लेकीला सक्तीने पाठ टेकायला लावली. मग संग्रहालय. एकच खोली, खिडकीत वाळवलेला लोकरीचा धागा, भिंतीवर शाळेतल्या पोरांचे फोटो. काचेच्या पेटीत समुद्राने वाहून आणलेल्या वस्तू मांडलेल्या होत्या. बाई एकेक वस्तू उचलून दाखवत होत्या. त्यांनी तळहातावर एक मोठी, चपटी, तपकिरी, गुळगुळीत बी ठेवली.

"ही समुद्रातून येते," त्या म्हणाल्या. "कुठल्या तरी गरम देशातून वाहत वाहत. बाळंतिणीच्या मुठीत द्यायचे पूर्वी, सुखरूप सुटका व्हावी म्हणून."

"अगं बाय! ही तर गारंबी!" आई जवळजवळ किंचाळली.

माझी आजी, म्हणजे आईची आई, वसईत सुईण होती. आई सांगायला लागली आणि मी धावतपळत इंग्रजी करत गेले. तुंगारेश्वरच्या जंगलातून बायका बाजाराला यायच्या, त्यांच्याकडून आजी गारंबीच्या बिया घ्यायची. बाळंतिणीचं अंग दुखलं की सहाणेवर उगाळून लेप द्यायची. एक बी कायम तिच्या पिशवीत असायची.

"विचार त्यांना," आई म्हणाली, "उगाळतात का?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, उगाळत नाहीत, नुसती धरतात. आई जरा नाराज झाली. "मग काय उपयोग? सांग त्यांना, उगाळायची." बाईंनी खरंच कागद घेतला आणि लिहून घेतलं! लॅबमध्ये काम करणारी मी, मला माहीत होतं की तिकडे अमेरिकेकडून वाहत येणारी जात आणि आपली जात एक नसणार, चुलत बहिणी असतील फार तर. पण त्या क्षणी मी तोंड उघडलं नाही. वसईच्या सुईणीची गोष्ट त्या खोलीत जात होती.

नॅनचं मात्र लक्ष नव्हतं. ती सारखी वेळ विचारत होती. "भरती अर्ध्यावर आली का? वारा कुठला आहे?"

"पश्चिमेचा," बाई म्हणाल्या.

"मग निघा! आत्ता निघा!"

व्हॅन पडक्या चॅपलपर्यंत गेली आणि तिथून रस्ता संपला. बाई व्हॅनमधून उतरताना हळू आवाजात माझ्या लेकीला म्हणाल्या, "काही सापडलं नाही तर तिला कसं सांगायचं ते तू ठरव." फोन चालू आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं. मी नॅनकडे पाहिलं. तिने ऐकलं होतं. ती फक्त कोटाची वरची गुंडी लावून बसली.

"मी सांगते तसं चाल," ती लेकीला म्हणाली. "चॅपलच्या पश्चिमेच्या भिंतीला खिंडार आहे. आहे?"

"येस, नॅन!"

"त्यातून बाहेर पड. समोर समुद्रात पावासारखा एक खडक दिसेल. त्याच्याकडे तोंड करून सरळ चाल. मधेमधे मागे वळून बघ. दीपस्तंभाचं डोकं टेकडीआड गेलं की थांब. तिथेच पायाखाली."

लेक चालू लागली. टीव्हीवर गवत, आभाळ, गवत, आभाळ. आईच्या हातातली जपमाळ सुरू झाली होती. लेक चालतेय, वळतेय, "स्टिल सी इट," पुन्हा चालतेय. असं करता करता समोर तारेचं कुंपण आलं आणि त्याच्या पलीकडे सरळ कडा.

"थांब! पुढे पाऊल टाकू नकोस!" मी ओरडले.

"ममा, रिलॅक्स. आय ॲम नोव्हेअर निअर इट." तिने मागे वळून बघितलं. दीपस्तंभाचा पांढरा माथा आत्ता कुठे टेकडीआड जात होता. पायाखाली काही नव्हतं. मेंढ्यांच्या लेंड्या आणि पिवळी फुलं.

 नॅनचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट होता.

"विचित्रच आहे," मागून धापा टाकत येणाऱ्या बाई म्हणाल्या. "मला तर तो दीपस्तंभ केव्हाच दिसेनासा झाला, तिकडे मागे."

मी खुर्चीतून उठले. माझी लेक बापावर गेलीये, साडेपाच फुटांच्या वर. बाई तिच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. आणि नॅनने बेट सोडलं तेव्हा ती बारा वर्षांची होती!

"नॅन, तू तेव्हा केवढी होतीस?"

"केवढी म्हणजे?"

"उंचीने गं! उंचीने!"

नॅनने हात वर नेला, तिथून थोडा खाली आणला, आणि मग तिच्याही लक्षात आलं. "अरे देवा," ती म्हणाली. "मी एवढीशी होते!"

"वाक!" मी टीव्हीवर ओरडले. "मागे जा आणि वाकून चाल! गुडघ्यातून वाक! तू बारा वर्षांची आहेस!"

लेक हसत सुटली आणि कुंपणापासून मागे धावली. चॅपलच्या भिंतीपासून तिने पुन्हा सुरुवात केली. या वेळी बदकासारखी, वाकून. फोन बाईंच्या हातात होता, आम्हाला तिची पाठ दिसत होती. दहा पावलं, वळून बघायचं. दहा पावलं, वळून बघायचं. आईने जपमाळ सोडून माझा दंड धरला. आणि मग लेक थांबली. जिथे थांबली तिथे नेच्याची आणि काटेरी झुडपांची दाट जाळी माजली होती. आधी ती जाळीला वळसा घालून पुढे गेली होती.

"आत शिरू नकोस," नॅन म्हणाली. आवाज एकदम शांत, शाळेतल्या बाईंसारखा. "पोटावर झोप. काठीने झुडूप बाजूला कर. फोन जवळ ने. आणि गप्प राहा सगळे."

बाईंनी आपली काठी दिली. लेक पालथी पडली. बाईंनी फोन तिच्या हातात दिला आणि तिचे घोटे धरले. हे पाहून आईने क्रुसाची खूण केली. फोन पुढे सरकला, स्क्रीनवर हिरवी पानं, त्यांच्यामध्ये काळी ओली कपार, आणि तेवढ्यात चित्र गोठलं! गेलं नेटवर्क!

मला रडू यायचं बाकी होतं. पण नॅन तशीच बसलेली, मान जरा कलती करून. तिला चित्र थांबल्याचं कळलंच नव्हतं. मी काही बोलणार एवढ्यात तिने बोट वर केलं.

आवाज येत होता. चित्र गोठलेलं, पण आवाज चालू होता. आधी नुसता वारा. मग कुणीतरी झोपेत श्वास आत ओढावा तसं काहीतरी. लांब, खोल. ते थांबलं. आमच्या लाउंजमध्ये हीटरची घरघर ऐकू येत होती, मी तोही बंद केला. आणि मग, काय सांगू, अस्सल खोकला! घशात कफ अडकलेल्या माणसाचा, पोटातून आलेला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि त्यामागून फस्स करून पाणी उडाल्याचा आवाज, आणि माझ्या लेकीची किंकाळी.

"आय ॲम सोक्ड! नॅन! ही इज हिअर! ही इज हिअर!"

नॅन उभी राहिली. तिची नेहमीची काठी न घेता. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि टीव्हीकडे बघून गेलिकमध्ये जोरात काहीतरी ओरडली. तिकडून बाईंचं हसू ऐकू आलं.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"आम्ही पोरं ओरडायचो तेच. औषध घे म्हाताऱ्या, नाहीतर तुझं तोंड आम्ही दगडाने बुजवू!"

आईला मी हे मराठीत सांगितलं. आई इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि तो ठसका ऐकून नॅन अजूनच हसायला लागली. दोघी एकमेकींना धरून, एकीची मोत्यांची माळ दुसरीच्या जपमाळेत अडकलेली. दहा मिनिटांनी चित्र परत आलं. लेक नखशिखान्त भिजलेली, दात वाजतायत, चेहरा फुललेला. म्हातारा आणखी चारदा खोकला. प्रत्येक वेळी नॅन त्याच्याशी बोलली.

दुसऱ्या दिवसापासून तिकडे वारा वाढला, बोट रद्द झाली आणि लेक तीन दिवस बेटावर अडकली. तिला आनंदच झाला. भरती अर्ध्यावर आली की ती निघायची, आणि दर वेळी तिच्याबरोबर बेटावरची चार-पाच माणसं जास्त असायची. शेवटच्या दिवशी तर अख्खं बेटच कुरणात जमलं, असं तिने कळवलं. पोरं पोटावर झोपून रांगेने ऐकत होती.

पुढच्या महिन्याच्या बातमीपत्रात शेवटच्या पानावर एक ओळ वाढली होती. मी ती वाचून दाखवली. पाहुण्यांनी एकट्याने जाऊ नये, संग्रहालयात विचारावं, सोबतीला कुणीतरी येईल. नॅनने पुन्हा वाचायला लावलं आणि म्हणाली, "आठव्या नंबरवर टाकलाय?" मग मला ईमेल लिहायला बसवलं.

त्या ईमेलला उत्तर आलं ते वेगळ्याच माणसाकडून. मुख्य भूमीवरच्या एका वृद्धाश्रमात राहणारे गृहस्थ, नॅनपेक्षा वर्षाने मोठे. कुणीतरी त्यांना बातमीपत्र वाचून दाखवलं होतं आणि संग्रहालयाच्या बाईंनी आमची ईमेल त्यांच्याकडे पाठवली होती. तिथल्या नर्सने त्यांच्या वतीने लिहिलं होतं की ते त्या शाळेत होते, नॅनच्याच बाकावर बसायचे, आणि गेली कित्येक वर्षं त्यांनी त्या भोकाची गोष्ट सांगितली की लोक मान हलवून विषय बदलायचे. फोन नंबर दिला होता.

मी एका संध्याकाळी नंबर लावून दिला आणि स्पीकर सुरू करून नॅनच्या शेजारी बसले. तिकडून एक थकलेला, घोगरा आवाज आला.  मग त्यांनी काहीतरी विचारलं, नॅन ताडकन उत्तरली, आणि पाहता पाहता कडाक्याचं भांडण जुंपलं. मला एक शब्द कळत नव्हता. मी घाबरून खुणेने विचारलं, काय झालं?

"म्हणतो, म्हातारा हे नाव त्याने ठेवलं!" नॅनचे गाल लाल झाले होते. "मी ठेवलं! मी!"

मग तिने स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला, आणि मला हाताने दाखवलं की आता तू घरी जा, आणि जाताना दार ओढून घे.